कॉलर बोनखालची चिंचोळी वाट

हात दुखतो, बोटांना मुंग्या येतात, हात वर धरला की भरून येतो, अशी तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात गेला की त्याची तपासणी बहुधा दोन टोकांना होते. एक टोक मान, दुसरं मनगट. मानेचा एमआरआय काढला जातो. चाळिशीच्या पुढे बहुतेकांच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली की ‘स्पॉन्डिलायटिस’चा शिक्का बसतो आणि गळ्यात पट्टा येतो. पट्ट्याने गुण आला नाही तर मोर्चा मनगटाकडे वळतो, तिथली नस दबली आहे का ते तपासलं जातं. फाईल जाड होत जाते. मान आणि मनगट यांच्या मधली, कॉलर बोनच्या मागची दोन-तीन बोटांची जागा मात्र कोणी चाचपून पाहिलेली नसते. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे.

ती जागा आधी स्वतःच्याच अंगावर शोधून पाहा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या कॉलर बोनच्या साधारण मध्यावर, हाडाच्या वरच्या खळग्यात ठेवा आणि हलकेच खाली दाबा. थोडं इकडेतिकडे चाचपल्यावर ठोका लागेल. ही सबक्लेव्हियन धमनी, पूर्ण हाताला रक्त पुरवणारी. तिच्या खाली पहिली बरगडी आहे. धमनीच्या वर आणि मागच्या बाजूला मानेतून उतरलेल्या पाच चेतामुळांचा गुंता आहे, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांद्यापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं जवळपास सगळं हलणं आणि जाणवणं या गुंत्यातून जातं. हातातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी नीला यांच्या पुढच्या बाजूला, कॉलर बोनला अगदी लगटून असते.

धमनी, नीला आणि चेतातंतू या तिघांना छाती-मानेतून हातात शिरायचं तर एका खिंडीतून जावं लागतं, आणि ही खिंड तीन ठिकाणी आवळलेली आहे. पहिली जागा मानेच्या बाजूच्या दोन स्केलीन स्नायूंमधली, जिच्या तळाशी पहिली बरगडी असते. इथून धमनी आणि चेतातंतू जातात. नीला मात्र पुढच्या स्केलीन स्नायूच्याही पुढून निघून जाते, म्हणून या पहिल्या जागेतल्या अडचणीचा तिला उपद्रव नसतो. दुसरी जागा कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्या मधली. इथे तिघंही दाटीने एकत्र येतात. तिसरी त्याहून खाली, छातीच्या मोठ्या स्नायूमागे दडलेल्या पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूच्या आड. या तिन्ही जागा हाताच्या हालचालीबरोबर बदलतात. मान वळवून दीर्घ श्वास घेतला की पहिली आवळते, खांदे मागे-खाली ओढले की दुसरी, आणि हात डोक्यावर नेला की तिसऱ्या जागेत या तिघांची जुडी स्नायूखालून वळण घेऊन ताणली जाते. निरोगी माणसातही हे सारं रोज घडतं आणि त्याचं काही बिघडत नाही. ज्याची जागा मुळातच कमी आहे किंवा पुढे कशाने तरी कमी झाली, त्याचं दुखणं इथून सुरू होतं.

या दुखण्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे नाव अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये दिलं. त्याआधी प्रत्येक डॉक्टर आपल्याला सापडलेल्या कारणावरून वेगळं नाव देत असे: कुणी मानेच्या बरगडीचा आजार म्हणे, कुणी स्केलीनचा, कुणी कॉलर बोनचा. पीट यांनी सगळ्यांना एका छत्राखाली आणलं. त्याने सोय झाली आणि घोटाळाही झाला. सोय अशी, की डॉक्टरांचं लक्ष त्या जागेकडे गेलं. घोटाळा असा, की हे एका आजाराचं नाव आहे असं लोकांना वाटू लागलं. खरं पाहता ही तीन आजारांची बांधलेली मोट आहे. तिन्हींची जागा एक, पण दाबलं काय जातं ते वेगळं. त्यामुळे लक्षणं वेगळी, घाई वेगळी, उपचारही वेगळे. ‘मला थोरॅसिक आउटलेट आहे’ एवढंच सांगणाऱ्या रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: कुठला? बहुतेकांना तो सांगितलेलाच नसतो. या पुस्तकात पुढे जे काही आहे ते या एका प्रश्नाभोवती रचलेलं आहे.

इतिहासात सर्वांत आधी नजरेत भरली ती जादा बरगडी, कारण ती हाताला लागते आणि शवविच्छेदनात दिसते. माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच. या मणक्यांना बरगड्या नसाव्यात असा सस्तन प्राण्यांचा साधारण नियम. पण शंभर माणसांत जेमतेम एखाद्याच्या सातव्या मणक्याला एका किंवा दोन्ही बाजूंनी बरगडी फुटलेली असते. कधी ती बोटाच्या पेराएवढा कोंब असते, कधी पूर्ण वाढून पहिल्या बरगडीला जाऊन भिडते. कधी हाड थोडंच असतं आणि पुढे त्याच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत ताठ तंतूंचा पट्टा गेलेला असतो. हा पट्टा एक्स-रेत दिसत नाही, आणि चेतातंतूंना काचतो तो बहुधा हाच. अशी बरगडी बायकांमध्ये जास्त आढळते. प्राचीन काळी गेलनने आणि पुढे व्हेसेलियसने तिचं वर्णन केलेलं आहे. 1821 मध्ये लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी तिच्यामुळे हाताचा रक्तपुरवठा कसा बिघडतो ते लिहिलं, आणि 1861 मध्ये लंडनच्याच सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात होम्स कूट यांनी ती कापून काढली. भूल देण्याची कला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती, आणि ही शस्त्रक्रिया धमनीला खेटून करायची होती. छातीच म्हणायची.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मानेची बरगडी असलेल्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही. छातीचा एक्स-रे दुसऱ्याच कारणासाठी काढला आणि अहवालात ‘सर्व्हायकल रिब’ असे दोन शब्द आले म्हणून घाबरून जाण्याचं काही कारण नाही. आणि उलटंही खरं आहे: एक्स-रेत जादा बरगडी नाही म्हणून हा आजार नाही, असं कुणी ठामपणे सांगितलं तर ते मानू नये.

आता तीन प्रकार. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार चेतातंतू दबण्याचा. शंभरात नव्वदाहून अधिक रुग्ण याच गटात मोडतात. नीला दबण्याचे रुग्ण शंभरात तीन-पाच, आणि धमनी दबण्याचे जेमतेम एखाद-दुसरे. पण धोक्याचा क्रम बरोबर उलटा आहे. म्हणून सुरुवात धमनीपासून करतो, आणि त्यासाठी एका खेळाडूची हकीकत सांगायलाच हवी.

जे. आर. रिचर्ड हा अमेरिकेतल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाचा बेसबॉलपटू. उंची सहा फूट आठ इंच. पिचर, म्हणजे आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजासारखं काम. 1978 मध्ये त्याने 303 आणि 1979 मध्ये 313 फलंदाज बाद केले, तेही चेंडू मैदानात टोलवू न देता. 1980 च्या हंगामात तो आणखी बहरात होता. पण त्या उन्हाळ्यात तो सांगू लागला की हात मेल्यासारखा होतो, लवकर थकतो, बोटं बधिर होतात. इतका धिप्पाड, इतका यशस्वी माणूस, आणि हात थकतो म्हणे! वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली की हा आळशी आहे, नखरे करतो, पैशांवरून रुसला आहे. 14 जुलैच्या सामन्यात त्याला यष्टिरक्षकाच्या जागी बसलेल्या सहकाऱ्याच्या बोटांच्या खुणा नीट दिसेनात. रुग्णालयात तपासण्या झाल्या. उजव्या हाताच्या धमन्यांत अडथळा आहे एवढं कळलं, पण तातडीची शस्त्रक्रिया नको असं ठरलं. 30 जुलै 1980 रोजी सराव करताना तो मैदानावर कोसळला. पक्षाघाताचा झटका होता. मानेतल्या धमनीतली गुठळी काढून डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, पण मुख्य लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. 1994 मध्ये तो ह्यूस्टनमधल्या एका पुलाखाली राहताना सापडला. पुढे तो सावरला, आणि 2021 मध्ये वारला.

त्याच्या शरीरात काय घडत होतं ते समजलं की धमनीचा प्रकार समजतो. चेंडू फेकताना प्रत्येक वेळी कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये धमनी चिमटीत सापडत होती. असं हजारो वेळा झालं की धमनीचं आतलं अस्तर खरवडतं. चिमट्याच्या पुढच्या बाजूला ती फुगते आणि तिथे रक्ताच्या गुठळ्या जमतात. गुठळीचे कण सुटून बोटांत जातात आणि बोटं थंड पडतात, पांढरी होतात. आणि गुठळी उलट दिशेला वाढत गेली तर मेंदूला रक्त नेणाऱ्या वाटेपर्यंत पोचते. या प्रकारात बहुधा हाडाचाच दोष सापडतो: पूर्ण वाढलेली मानेची बरगडी, वेड्यावाकड्या घडणीची पहिली बरगडी, किंवा मोडून वेडंवाकडं जुळलेलं कॉलर बोन. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या दुचाकीस्वारांनी लक्षात ठेवावा. गाडीवरून खांद्यावर पडलं की आधी मोडतं ते कॉलर बोन. ‘आपोआप जुळतं’ म्हणून आपण ते सोडून देतो आणि ते बहुतेकदा जुळतंही. पण जुळलेल्या जागी हाडाची जाड गाठ झाली असेल आणि पुढे काही महिन्यांनी हात गार पडू लागला, तर त्या जुन्या अपघाताचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करा. तो प्रश्न ते विचारतीलच असं नाही.

नीलेचा प्रकार आकस्मिक असतो. विशी-तिशीतला, अंगाने चांगला कमावलेला तरुण पोहून येतो, जिममध्ये वजन डोक्यावर उचलतो, नाहीतर दिवसभर छत रंगवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजलेला, जड, निळसर झालेला, आणि खांद्यावर, छातीवर पूर्वी न दिसणाऱ्या शिरा तटतटलेल्या. कॉलर बोन आणि बरगडी यांच्या सांध्यापाशी नीला वारंवार घासली जाऊन तिथे गुठळी धरलेली असते. जेम्स पॅजेट यांनी 1875 मध्ये लंडनमध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, पण दोष त्यांनी गाउटला दिला. स्नायूंच्या ताणाने नीलेला इजा होते हे व्हिएन्नाच्या श्रॉटर यांनी 1884 मध्ये ओळखलं. दोघांची नावं जोडून पॅजेट-श्रॉटर सिंड्रोम असं नामकरण 1949 मध्ये ह्यूज यांनी केलं. इथे वेळेला फार महत्त्व आहे. गुठळी ताजी असताना, म्हणजे साधारण पहिल्या दोन आठवड्यांत, नळीतून औषध सोडून ती विरघळवता येते. नंतर ती घट्ट होते. आणि नुसती गुठळी विरघळवून रुग्णाला घरी पाठवलं, चिमटा तसाच ठेवला, तर पुन्हा तेच होण्याचा संभव राहतो. म्हणून यातल्या पुष्कळांची पहिली बरगडी काढावी लागते. ती नसल्याने श्वास घ्यायला किंवा हात हलवायला सहसा अडचण येत नाही. रुग्णांना ते ऐकून नवल वाटतं.

राहिला चेतातंतूंचा प्रकार, संख्येने सर्वांत मोठा आणि वादाला कारण झालेला. याच्या पोटात पुन्हा दोन गट आहेत. एक अस्सल, पण इतका दुर्मीळ की दहा लाखांत एखादा असा अंदाज दिला जातो. यात सर्वांत खालची चेतामुळं त्या ताठ पट्ट्यावरून वाकून जाताना वर्षानुवर्षं घासली जातात. खूण मजेशीर आहे आणि ओळखता आली तर निदान तिथेच होतं. तळहाताच्या अंगठ्याकडचा मांसल उंचवटा सपाट होतो, पण बधिरता अंगठ्याला नसते. ती करंगळीच्या बाजूला आणि कोपरापुढच्या आतल्या अंगाला असते. मनगटात नस दबते त्या कार्पल टनेलमध्येही अंगठ्याचा उंचवटा बसतो, पण तिथे बधिरता अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला असते. फक्त उंचवटा बघून मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि गुण आला नाही, तर ही खूण आठवावी. लंडनच्या रॉजर गिलियट आणि त्यांचे सहकारी समनर यांनी 1970 मध्ये हे चित्र नेमकं मांडलं. म्हणून असा हात गिलियट-समनर हात म्हणून ओळखला जातो.

दुसरा गट फार मोठा. यात स्नायू झिजत नाहीत, चेतातंतूंच्या विद्युत तपासण्या बहुतेक वेळा निर्दोष येतात, पण माणूस खरोखर हैराण असतो. केस विंचरताना हात मध्येच खाली घ्यावा लागतो. वाळणीवर कपडे टाकताना, पंख्याची पाती पुसताना, फोन कानाला धरताना हात भरून येतो. उशाशी हात घेऊन झोपलं तर रात्री दचकून जाग येते. ही शेवटची तक्रार जुनी आहे. अमेरिकेच्या अर्व्हिंग राइट यांनी 1945 मध्येच लिहिलं होतं की डोक्यावर हात घेऊन झोपणाऱ्यांना आणि हात वर करून काम करणाऱ्यांना हा त्रास होतो. त्याच्या दोनच वर्षं आधी, महायुद्धाच्या धामधुमीत, फाल्कनर आणि वेडेल यांनी कॉलर बोन आणि बरगडी यांच्या मधल्या दाबाकडे लक्ष वेधलं होतं. सैनिकांच्या पाठीवरचं ओझं खांदे मागे-खाली ओढतं आणि दुसरी जागा आवळते. शाळेच्या दप्तराचे किंवा लॅपटॉपच्या पिशवीचे पट्टे खांद्यात रुतवून चालणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या गटावरून डॉक्टरांमध्ये जुंपली ती आजतागायत मिटलेली नाही. 1999 मध्ये एका नामांकित नियतकालिकात दोन लेख आले. चेतासंस्थेचे तज्ज्ञ विल्बर्न यांनी लिहिलं, की या आजाराचं निदान गरजेपेक्षा जास्त वेळा होतं. पहिली बरगडी काखेतून काढण्याची पद्धत 1966 मध्ये रूढ करणारे शल्यविशारद रूस यांनी लिहिलं, की ते गरजेपेक्षा कमी वेळा होतं. माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, फक्त वेगवेगळ्या रुग्णांविषयी. ज्यांना हा आजार नाही अशांना तो चिकटवला जातो आणि ज्यांना तो आहे त्यांच्या नशिबी गळपट्टा येतो, असं एकाच शहरात, एकाच आठवड्यात घडू शकतं.

कारणांविषयी एवढं म्हणता येईल, की ती सहसा एकटी येत नाहीत. जन्मतः जागा अरुंद असते आणि वर्षानुवर्षं ती चालून जाते. मग मागून गाडीची धडक बसून मानेला हिसका बसतो, स्केलीन स्नायू सुजतात, आखडतात, त्यांत व्रणाचे तंतू धरतात, आणि पुरत होती ती जागा पुरेनाशी होते. किंवा वर्षांमागून वर्षं पुढे झुकून संगणकावर बसल्याने खांदे गळतात, छातीचा लहान स्नायू आखूड होतो. चित्रकार, व्हायोलिनवादक, पोहणारे, बॅडमिंटन खेळणारे, फळ्यावर लिहिणारे शिक्षक, भिंती रंगवणारे कारागीर हे सगळे एकाच रांगेत उभे आहेत. म्हणून ‘अपघात कारण की बसण्याची पद्धत?’ असा प्रश्न रुग्ण विचारतात तेव्हा मी दोन्ही लिहून घेतो.

तपासणीविषयीही सावध राहावं. 1927 मध्ये ॲडसन आणि कॉफी यांनी सांगितलेली चाचणी अजून शिकवली जाते. मनगटाची नाडी धरायची, रुग्णाने मान मागे टाकून त्या बाजूला वळवायची, दीर्घ श्वास घ्यायचा, आणि नाडी विझते का पाहायचं. अडचण अशी, की निरोगी माणसांतही ती पुष्कळदा विझते. रूस यांची चाचणी जास्त बोलकी आहे. हात खांद्याच्या रेषेत बाजूला घेऊन कोपरात काटकोनात वर वळवायचे आणि तीन मिनिटं मुठी उघडझाप करायच्या. ज्याला त्रास आहे तो बरेचदा पहिल्या मिनिटातच हात खाली टाकतो. पण एकट्या कुठल्याही चाचणीवर निदान ठरू नये. छातीचा एक्स-रे जादा बरगडीसाठी तर हवाच, शिवाय दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या शेंड्याला गाठ झाली तर ती याच चेतातंतूंना वेढते आणि हुबेहूब असंच दुखणं देते, म्हणूनही हवा.

उपचारांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत, इथे एकच सांगतो. ज्या 1956 च्या निबंधातून या आजाराला नाव मिळालं, तो निबंध शस्त्रक्रियेवर नव्हता, व्यायामांच्या परिणामांवर होता. चेतातंतूंच्या प्रकारात आजही सुरुवात तिथूनच करायची असते: महिनोन्महिने, जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. मोबाइलवर बघून मान जोरात ताणण्याचे प्रकार करू नयेत. आवळलेल्या जागेतला चेतातंतू ताणल्याने सुटत नाही, चिडतो.

हे पुस्तक दोन वाचकांसाठी लिहिलं आहे. एक, ज्याची फाईल जाड झाली आहे आणि निदान लागलेलं नाही. दुसरा, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, ज्याच्याकडे हा रुग्ण सर्वांत आधी येतो. दोघांनीही प्रकरणं क्रमाने वाचावीत. पण एक अपवाद आहे. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा हात अचानक सुजून निळा पडला असेल, किंवा बोटं थंड, पांढरी होऊन दुखत असतील, तर पान उलटू नका. आजच, आत्ता, रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी होते अशा रुग्णालयात जा, आणि तिथे सांगा की कॉलर बोनखाली तपासा.